साडेतीनचं बारसं

मार्चचा शेवटचा आठवडा आला की आमच्या टोकियोच्या ऑफिसात दोन गोष्टी चुकत नाहीत. खिडकीखालच्या कालव्याकाठी चेरीची झाडं, इथला साकुरा, फुलतात, आणि आमचे सहकारी मोरिता-सान प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन, कमरेत वाकून सांगतात की सोमवारपासून जर्मनीची मीटिंग तासभर अलीकडे येणार, तसदीबद्दल क्षमा करा. उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे फिरवली जर्मनांनी आणि माफी मागायची मोरिता-साननी. मी म्हणते, "मोरिता-सान, तुम्ही कशाला?" त्यावर ते पुन्हा वाकतात.

एवढं सांगूनही सोमवारी घोळ व्हायचा तो होतोच. मीटिंगची खोली जुन्याच वेळेला राखून ठेवलेली असते. आत भलतीच माणसं भलत्याच विषयावर बोलत बसलेली असतात, आम्ही लॅपटॉप छातीशी धरून बाहेर उभे, आणि लॅपटॉपमधून पलीकडचा आवाज "हॅलो, टोकियो? हॅलो?" करत राहतो. त्यात अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधीच पुढे गेलेली असतात, त्यामुळे ज्यांच्या नशिबी दोन्हीकडची कामं आहेत त्यांचं मार्च महिन्यात पार भजं होतं. ऑक्टोबरात हाच खेळ उलटा. घड्याळ मागे येतं, मीटिंग उशिरा सुरू होते, मी उशिरा सुटते आणि ओजिमाला घरी पोचेपर्यंत बाजारातली पालेभाजी संपलेली असते. तिकडे कुणीतरी घड्याळाचा काटा फिरवणार आणि इकडे माझ्या घरी सलग दोन दिवस बटाट्याची भाजी होणार, हा कुठला न्याय?

आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ खाली उतरतं ते फक्त सेल बदलायला. वेळ ही गोष्ट सरकार वर्षातून दोनदा पुढेमागे करू शकतं हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. जपानातही ही भानगड नाही, म्हणून तर मी इथे इतकी वर्षं सुखाने राहिले. मध्यंतरी कचरा टाकायला खाली गेले होते तेव्हा आमच्या इमारतीतल्या हायाशी-सान भेटल्या. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आहेत, पण बाटल्या वेगळ्या, झाकणं वेगळी, सगळं स्वतः करतात. माझी कुरकुर ऐकून म्हणाल्या, "इथेही होतं की हे. युद्ध संपल्यावर काही उन्हाळे." मला खरंच वाटेना. "आई जेवायला हाक मारायची आणि बाहेर लख्ख ऊन," त्या सांगत होत्या. "आम्ही मुलं घरात यायलाच तयार नसायचो. वडील मात्र अंधार पडेपर्यंत कामावरच. उजेड आहे तोवर काम करा, असं झालं. घड्याळ पुढे गेलं, पण ते घरी काही लवकर आले नाहीत." मग ते बंद झालं म्हणे. लोक कंटाळले. हायाशी-सान बाटल्यांची रिकामी पेटी घेऊन वर गेल्या आणि मी माझं प्लॅस्टिक हातात धरून तिथेच उभी राहिले.

आता खरं सांगायचं तर त्या एका तासावर माझा राग आहे तो काही मीटिंगपायी नाही. तो त्याच्याही आधीचा आहे. तेव्हा मी नोकरी करत नव्हते. माझा नवरा प्रसाद ऑफिसात, लेक ईरा शाळेत, आणि मी ओजिमाच्या घरात जपानी अक्षरं गिरवत बसलेली. मोरिता-सान तेव्हा आयुष्यात असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

निखिल, माझा धाकटा भाऊ, त्या वर्षी नोव्हेंबरात म्युनिकला गेला. बरोबर मधुरा, त्याची बायको, पाच महिन्यांची गरोदर. ते पोचले तेव्हा तिथली घड्याळं नुकतीच मागे जाऊन बसली होती, त्यामुळे त्यांना वाटलं की जर्मनी ही अशीच असते. म्युनिकच्या पुढे पुणे साडेचार तास, टोकियो आठ तास. आमच्या घराने हे गणित हिवाळाभर असं घोकलं की ते पाढ्यांसारखं पाठ झालं. आईला तर आकड्यांचीही गरज नव्हती. ती कोथरूडमध्ये एकटी राहते. तिचं आपलं सोपं होतं: "मी दुपारचा चहा टाकला की निखिलकडे सकाळचे अकरा आणि मंजूकडे रात्रीचा कुकर." मंजू म्हणजे मी. तिच्या चहाला तीन देश बांधलेले होते आणि ते हिवाळाभर एकदाही चुकले नाहीत.

मार्चच्या मध्याला मधुराला मुलगी झाली. सिझेरियन झालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच्या थोडंच आधी झालेलं, आणि डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलेलं. माझ्या ईराच्या वेळी आई दोन महिने पुण्यात माझ्या उशाशी होती. इथे मुलाची मुलगी, आणि तिला हात लावता येत नाही. ती रडली वगैरे नाही. फोनवर म्हणाली, "येऊ नको म्हणता ना, नाही येत. पण बारशाला मला तिथे धरा. नाव ठेवताना मला ऐकू आलं पाहिजे आणि मी केलेला पाळणा मला म्हणू द्या. बाकी माझं काही मागणं नाही."

आई पाळणा रचत होती! आयुष्यभर जिने वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही, ती पहाटे उठून कडवी जुळवत होती आणि कुणाला एक ओळही ऐकवत नव्हती. मी खोदून खोदून विचारलं तर म्हणाली, "बारशाला ऐक. तुझं नाव तू सांगतेस का मला?" तेही खरंच. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा, आणि मीही ते पोटात ठेवलं होतं. मायलेकी फोनवर रोज बोलायचो आणि दोघीही आपापलं गुपित कुरवाळत बसायचो.

बारावा दिवस नेमका रविवारी आला. सगळ्यांना बरं पडलं. निखिलने आठवडाभर आधीच निरोप पाठवला: "ताई, तुझ्याकडे संध्याकाळी सात. आईकडे साडेतीन. तुम्ही कुणी आकडेमोड करू नका, मीच करून ठेवलीय." किती गुणाचा भाऊ! आपल्या बहिणीला आणि आईला बोटं मोजावी लागू नयेत म्हणून त्याने आमच्या वेळा आमच्या घड्याळात सांगितल्या, आणि तिथल्या पाहुण्यांना सांगितलं, रविवारी अकरा वाजता या. त्याच रविवारी पहाटे जर्मनीचं घड्याळ एक तास पुढे उडी मारणार होतं, हे त्या बापड्याच्या गावीही नव्हतं.

त्या रविवारी प्रसाद कामासाठी क्योतोला गेलेला. सातपर्यंत वेळच वेळ होता, म्हणून ईराला घेऊन मी कुदानशिताला साकुरा बघायला गेले. ईरा तेव्हा दहा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती जपानीत उत्तर द्यायची, पण बारशातला एक भाग तिला फार आवडला होता. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, हे ऐकल्यापासून तिचे डोळे चमकत होते. "खरंच मारायचं? आईला?" असं तिने मला तीनतीनदा विचारून घेतलं होतं. तिथल्या राजवाड्याच्या खंदकाच्या पाण्यावर फुलांच्या फांद्या वाकलेल्या होत्या, माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून आणलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात बाकावर बसून होतो. मला त्या दिवशी फार छान वाटत होतं.

परतीच्या गाडीत फोन थरथरू लागला. निखिल. मी मनात म्हटलं, याला दम कसा तो नाही. इथे गाडीत फोनवर बोलायचं नसतं. कुणी ओरडत नाही, पण आजूबाजूची माणसं अशी काही शांत होतात की बोलणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. मी लिहून पाठवलं, "ट्रेनमध्ये आहे. सातला येतेच." पुन्हा थरथर. पुन्हा. मग त्याचा निरोप: "ताई आत्ता!!! इथे अकरा वाजले." मी वाचून चक्रावले. त्याचे अकरा म्हणजे माझे सात. माझ्या फोनवर तर सहा होते. गाडीतल्या पाटीवरही सहा. मला क्षणभर वाटलं, पोरगं बाळाच्या जागरणाने भ्रमलं. पण तिसरा निरोप आला तो फक्त "ताई प्लीज" असा होता, आणि ईराचा हात धरून मी वाटेतल्या हामाचो स्टेशनवर उतरले आणि निखिलला फोन लावला.

"अगं कुठे आहेस तू? सगळे येऊन बसलेत!"

"अरे, सात सांगितलं होतंस ना? आत्ता सहा वाजतायत."

"इथे अकरा वाजलेत!"

"कसे वाजतील? दहा वाजायला हवेत."

"तेच तर! आज पहाटे यांनी घड्याळ पुढे केलं. मला काय स्वप्न पडलं होतं? फोन आपोआप बदलला असेल, पण मी बाळाच्या गडबडीत ओव्हनवरचं घड्याळ बघत होतो. दाढीला साबण लावला आणि दारावर बेल वाजली."

"आईला लावलास?"

"सारखा लावतोय. उचलत नाही."

कशी उचलेल? पुण्यात अडीच वाजले होते. साडेतीनला सगळ्यांसमोर ताजंतवानं दिसायचं म्हणून ती हटकून आडवी झाली असणार, आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. "शेजारच्या जोशी काकूंना लाव," मी म्हटलं. निखिल म्हणाला, "ताई, पुण्यात दुपारी अडीचला कोण फोन उचलतं?" एरवी आम्ही दोघं यावर पोट धरून हसलो असतो.

तेवढ्यात मागून मधुराचा आवाज आला. "ताई, मी बसते. थांबू आपण आईंसाठी. तासाभराने काय होतंय?" शब्द गोड होते, पण आवाज पार थकलेला होता. पोट शिवलेली बाई सकाळपासून शालू नेसून खुर्चीत ताठ बसली होती. बाळ दूध पिऊन जेमतेम शांत झालं होतं. पाहुणे ताटकळले होते. मी ठरवावं असं निखिलला वाटत होतं. एका बाजूला आईचं एवढंसं मागणं, दुसऱ्या बाजूला ही पोर. मी म्हटलं, "करून टाकू. बाळाच्या कानाशी फोन धर."

मग हामाचो स्टेशनच्या बाकावर बसून, तोंडाशी तळहाताचा आडोसा करून, मी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. जुई. त्याच क्षणी पलीकडच्या फलाटावर गाडी आली आणि पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा अशी सूचना सुरू झाली, ती नावापाठोपाठ जुईच्या कानात गेली. आणि ईरा! तिने आठवडाभर मनात जपलेलं सगळं बळ माझ्या पाठीवर रितं केलं. धपाधप. मी फोनवर वाकलेली, पोरगी पाठीत गुद्दे घालतेय, आणि गणवेशातले एक वयस्कर स्टेशनवाले काका धावत आले. "दाइजोबु देस का?" ठीक आहात ना? त्यांना वाटलं माझ्या घशात काहीतरी अडकलंय. ईराने हात न थांबवता अस्सल जपानीत त्यांना समजावलं की तिच्या बहिणीचं नाव ठेवणं चाललंय आणि हे असंच करायचं असतं. काकांना काय कळलं कोण जाणे. टोपी काढून त्यांनी ओमेदेतो म्हटलं, अभिनंदन केलं, आणि आमचं होईपर्यंत थोड्या अंतरावर उभे राहिले.

आता जुई चार वर्षांची आहे. जर्मनीत J चा उच्चार 'य' होतो, म्हणून तिच्या बालवाडीतले लोक तिला युई म्हणतात, आणि ईराच्या वर्गात दोन युई आहेत, त्यामुळे ईराच्या मते हे नाव मुळात जपानीच आहे. नाव ठेवलं मी, पण बसल्या जागी ते दोन देशांनी वाटून घेतलं. माझी काही तक्रार नाही. हाक मारल्यावर पोरगी वळून बघते, एवढं पुरे.

पण त्या संध्याकाळी हामाचोहून ओजिमापर्यंतची पाचसहा स्टेशनं मला फार जड गेली. फोनवर अक्षरं दाबत मी निखिलला लिहिलं: आईला काही सांगू नकोस. पुन्हा करू, पहिल्यांदाच करतोय असं. त्याने "हो" लिहिलं. खोटं बोलायचं ठरवल्यावर जरा बरं वाटतं, तसं मलाही वाटलं. बिचारे जर्मन पाहुणे काय, कशातलंच काही कळत नव्हतं त्यांना, पुन्हा एकदा टाळ्या वाजवतील. घरी येऊन साडी नेसले, ईराचा फ्रॉक बदलला, समई लावली आणि सात वाजता आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसलो. म्युनिकमध्ये हातात ताटल्या घेऊन माणसं उभी होती. निखिल एकटाच रिकाम्या हाताने बसला होता. मधुरा आणि बाळ आत झोपली होती.

बरोबर साडेतीनला आई आली. हिरवं इरकल, नाकात नथ, केसांत गजरा. मागे जोशी काकू आणि इमारतीतल्या आणखी दोघी, त्याही नटूनथटून. घुगऱ्यांचं पातेलं दिसत होतं. आणि मध्ये, कुणाकडून तरी मागून आणलेला लहानसा लाकडी पाळणा होता. त्यात टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून वरवंटा निजवला होता. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, ती रीत आईने तिच्या घरी पुरी करून ठेवली होती.

"दिसतेय का मी? निखिल, आवाज येतोय ना? मधुराला बसवत नसेल तर पडू दे हो तिला, उगाच ताण नको. चला, सगळे जमले ना? करायची सुरुवात?"

मी तोंड उघडलं. ठरलेलं वाक्य जिभेवर होतं. पण निखिलच आधी बोलला. लहानपणीही त्याला खोटं कधी जमलं नाही.

"आई," तो म्हणाला, "आई, बारसं झालं."

जोशी काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. निखिल सांगू लागला, घड्याळ पुढे गेलं, पाहुणे आले, मधुराला त्रास होत होता, तुला फोन लावला, खूप वेळा लावला. सांगता सांगता तो मोठ्या माणसाने रडू नये तसा रडायला लागला. मी म्हटलं, "आई, मीच सांगितलं करून टाक म्हणून." आईने आमच्या दोघांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि ती इतकी म्हातारी दिसली की मला ओजिमाच्या त्या घरात बसवेना. चुलीत जावो ते घड्याळ आणि चुलीत जावो तो सात वाजताचा दिवा, असं झालं मला.

आईने मान वर करून भिंतीकडे बघितलं.

"जोशीबाई, किती वाजलेत हो?"

"साडेतीन."

"साडेतीनच ना?" आई आमच्याकडे वळली. "निखिल, डोळे पूस आधी. तू मला साडेतीन सांगितले होतेस. माझ्या घरात आत्ता साडेतीन वाजतायत. तुमच्याकडे व्हायचं ते झालं असेल, चांगलं झालं. माझ्याकडे बारसं अजून व्हायचंय."

"पण आई, बाळ झोपलीय."

"मग झोपू दे. निजलेल्या पोराला उठवू नये." तिने वाकून, ऑपरेशनच्या गुडघ्यावर हात टेकत, पाळण्यातून वरवंटा उचलला, टोपडं सारखं केलं आणि त्याची कड फोनपाशी धरली. "मंजू, सांग हिच्या कानात. आणि मला ऐकू येईल असं सांग."

मी कुर्रर्र केलं. जुई, म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं. इकडे ईराने माझी पाठ पुन्हा झोडपली, आणि तिकडे आत्याची पाठ हाताशी नव्हती म्हणून जोशी काकूंनी आणि त्या दोघींनी आईच्याच पाठीत हळूच धपाटे घातले. "जुई," आई म्हणाली. "जुई. छान आहे." मग तिने वरवंटा पाळण्यात ठेवला, दोरी हातात घेतली आणि म्हणायला लागली:

बाळ निजे जर्मनीत, आत्या जागे जपानी,
आजी ओढी दोरी पुण्यातून, गाणे सांगे कानी.

निखिल उठला. फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि तो जुईच्या उशाशी ठेवला. आम्हाला आता फक्त छत दिसत होतं आणि मधुराचा चुडा भरलेला हात. आईने सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही. शेवटचं संपल्यावर तिने दोरी सोडली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "झालं. आता जेवा सगळे."